हॉकनीने चित्र नाही, रेघ उचलली

चित्रकाराने सेट केला की स्टेजवर फक्त मोठं केलेलं चित्र टांगलं जातं, असं काही जण म्हणतात ते मला नाही पटत. नुसता मागचा पडदा रंगवून दिला तर तसं होतं, मान्य. पण ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीने १९७५ला इंग्लंडमधल्या ग्लाइंडबर्न ऑपेरा महोत्सवात संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या 'द रेक्स प्रोग्रेस' या ऑपेरासाठी केलेलं काम बघा. हा ऑपेरा मुळात अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार होगार्थ याच्या छापचित्रांच्या मालिकेवरूनच सुचलेला, स्ट्राविन्स्कीने ती १९४७मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पाहिली होती, आणि हॉकनीने त्यातून नुसते प्रसंग न घेता छापचित्राची रेघच उचलली, म्हणजे सावली दाखवायला एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा असतात ना, त्या भिंतींवर, फर्निचरवर, अगदी कपड्यांवरसुद्धा, आणि रंग मोजकेच, छपाईच्या शाईसारखे लाल, निळा, हिरवा, काळा.

रेकॉर्डिंगमध्ये नीट बघा, गायक स्थिर उभा असला की तोही त्याच कागदावर कोरल्यासारखा दिसतो आणि चालायला लागला की अंगावरच्या रेघा हलतात, मला हे फार म्हणजे फारच आवडतं. संगीतही तसंच आहे, १९५१चं असून मोत्झार्टच्या काळाचा, म्हणजे अठराव्या शतकाचा, साचा मुद्दाम दिसू देणारं, म्हणून हा सेट त्याला इतका चपखल बसतो.