मदत हवी आहे: पोराच्या अपघाताची भरपाई बापानं द्यायची की गाडी ज्याच्या नावावर त्यानं?

खानापूररोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही बेळगाव तालुक्यातले. गावाचं आणि मुलाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

डिसेंबर २०२३ ची गोष्ट. मुलगा तेव्हा १६ वर्षांचा, अकरावीला. घरी बारसं होतं म्हणून माझा मेव्हणा, म्हणजे पोराचा मामा, आपल्या स्कूटरवरून आलेला. चावी टीव्हीवर ठेवून तो जेवायला बसला. पोराला क्लासला उशीर होत होता. कुणाला न विचारता चावी घेऊन गेला. वडगावच्या अलीकडं वळणावर भाजीची बुट्टी घेऊन चाललेल्या एका मावशींना धडक बसली. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड घातला. मावशी सहा महिने बाजारात बसल्या नाहीत. चूक आमच्या पोराचीच, त्यात वाद नाही.

मग कागद सुरू झाले. बाल न्याय मंडळानं मुलाला समज दिली, काही रविवार सेवेचं काम लावलं आणि मला २,००० रुपये दंड केला. भरलो. मग दुसऱ्या कोर्टात अल्पवयीन मुलाला गाडी चालवायला दिली म्हणून माझ्यावर केस. वकील म्हणाले, कबूल करून टाका. २५,००० भरलो. गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द झालं, त्यावरून मेव्हण्याचं तोंड वाकडं झालं ते वेगळंच. मला वाटलं, संपलं.

आता गेल्या महिन्यात मेव्हण्याचा फोन. मोटार अपघात ट्रिब्युनलचा निकाल लागलाय. मावशींना ३,८४,००० रुपये, वर ६ टक्के व्याज. इन्शुरन्स कंपनीनं आधी भरायचे आणि मग गाडीमालकाकडून, म्हणजे मेव्हण्याकडून, वसूल करायचे. निकाल एकतर्फी झालाय. मेव्हण्याला नोटीस आली होती म्हणे, पण ती कन्नडात. त्याला वाटलं बँकेचं काहीतरी असेल, देव्हाऱ्यामागं ठेवून दिली.

आता तो म्हणतो, "भावोजी, पोरगं तुमचं, तुम्ही भरा." बायको मधल्यामध्ये. सासूबाई बोलणं सोडल्यात.

माझे प्रश्न असे. एकाच अपघाताचे मी दोनदा पैसे भरलो, मग हे तिसऱ्यांदा कसं? बाप म्हणून मी हे देणं लागतो का? मुलगा आता १८ पूर्ण झालाय, हे त्याच्या अंगावर येईल का? तो अग्निवीरची तयारी करतोय, रोज पहाटे पळायला जातो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरचं नाव काढलं तरी पोराचे डोळे चमकतात. त्याच्या फॉर्मवर या केसचा डाग लागणार का?

करदंट

सोळा वर्षांला बिनगिअरची गाडी चालते की वो. तेवढा मुद्दा वकिलांनी मांडला नाही का?

तिलकवाडी_वकील

@करदंट, हा गैरसमज आपल्याकडं घरोघरी आहे. गिअर असण्या-नसण्याचा प्रश्न नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सोळाव्या वर्षी चालते ती ५० सीसीपर्यंतची गाडी, तीही लायसन्स काढून. आजच्या साध्या स्कूटर ११० सीसीच्या. तो मुद्दा मांडून काही हाती लागलं नसतं.

खानापूररोड दादा, सविस्तर लिहितो. थोडा वेळ द्या, कोर्टातून आत्ताच आलोय.

मुंबईचा_भाचा

मी नेटवर वाचलं की मुलानं केलेल्या नुकसानीची भरपाई कोर्ट थेट आईवडिलांवर लावतं, मूल सज्ञान झालं तरी ती सुटत नाही. काका, तुम्ही तयारीत राहा.

तिलकवाडी_वकील

भाच्या, तू वाचलंस ते बहुतेक अमेरिकेतलं. तिथं बऱ्याच राज्यांत तसे कायदे आहेत. आपल्याकडं निव्वळ बाप आहे म्हणून मुलाच्या चुकीची भरपाई बापाच्या डोक्यावर बसत नाही. बापाची स्वतःची काही हयगय दाखवली तर गोष्ट वेगळी.

आता दादा, तुमच्याकडं तीन कागद आहेत आणि तुम्ही तिघांना एकच समजताय. गोंधळ तिथं आहे.

पहिला बाल न्याय मंडळाचा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १८ खाली मंडळ मुलाला समज देऊ शकतं, समाजसेवा लावू शकतं, आणि मुलाला किंवा आईवडिलांना दंड भरायला सांगू शकतं. तुमचे २,००० त्यातले. ते सरकारजमा झाले, मावशींना त्यातला रुपया मिळालेला नाही.

दुसरा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ चा. २०१९ च्या दुरुस्तीनं हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला की पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड. "मला माहीतच नव्हतं" हे सिद्ध केलं तर सुटका होते, पण सिद्ध करायचं तुम्हीच, कारण तुमची संमती होती असं कोर्ट धरूनच चालतं. तुमची हकीकत खरी असेल तर लढायला जागा होती, असं माझं मत. पण झालं ते झालं. हाही दंड सरकारचाच.

तिसरा एमव्हीसी केसचा, म्हणजे ट्रिब्युनलमधल्या भरपाईच्या दाव्याचा, आणि मावशींना मोडलेल्या पायाचे पैसे फक्त यातून मिळतात. म्हणून "तिसऱ्यांदा" म्हणू नका. पहिल्या दोन वेळा तुम्ही त्यांना काहीच दिलेलं नाही.

इथं जबाबदारी येते ती गाडी चालवणाऱ्यावर आणि गाडीच्या मालकावर. पोरगं कुणाचं हे ट्रिब्युनल बघत नाही, आरसी बुकावर नाव कुणाचं ते बघतं. गाडीला इन्शुरन्स होता म्हणून कंपनी मावशींना आधी देणार. पण चालवणाऱ्याकडं लायसन्स नव्हतं, म्हणजे पॉलिसीची अट मोडली, म्हणून मालकाकडून वसूल करणार. त्यासाठी कंपनीला नवा दावाही लावावा लागत नाही, त्याच निकालावर वसुलीचा अर्ज टाकता येतो. "मला न विचारता चावी नेली" हे मालकाचं म्हणणं इथं सहसा टिकत नाही. अल्पवयीन पुतण्यानं मोटारसायकल नेल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये वसुली मालकावरच ठेवली. आपली गाडी नको त्याच्या हाती जाणार नाही हे बघणं मालकाचं काम, असा त्याचा अर्थ.

थोडक्यात, निकालाच्या कागदावर मेव्हणा. तुमचं नाव त्यात कुठं आहे का ते आधी बघा. मुलाला पक्षकार केलं असेल तर तो अज्ञान म्हणून तुमच्यामार्फत असेल, तेव्हा निकालाचं शेवटचं पान नीट वाचा. रक्कम नेमकी कुणी द्यायची ते तिथं असतं.

खानापूररोड

वकीलसाहेब, फार उपकार झाले. म्हणजे मी सुटलो म्हणायचं, आणि मेव्हणा अडकला. हे त्याला कुठल्या तोंडानं सांगू?

निपाणीची_माई

सांगूच नका. दादा, राग मानू नका, पण कायद्यानं सुटलात म्हणून पोरगं तुमचं नाही असं होतंय का? तुमच्या घरी जेवायला आलेला माणूस. त्याची गाडी वर्षभर उभी राहिली आणि आता चार लाखांचं ओझं. बहिणीच्या घरी चावी टीव्हीवर ठेवली, एवढाच त्याचा गुन्हा.

तिलकवाडी_वकील

माई बोलल्या त्यात मी पडत नाही. मार्ग सांगतो.

एकतर्फी निकाल रद्द करण्यासाठी त्याच ट्रिब्युनलकडं अर्ज करता येतो, साधारण ३० दिवसांत. नोटीस नीट बजावली गेली नव्हती हे दाखवावं लागतं. "कन्नड वाचता येत नाही" एवढ्यावर भागत नाही. सीमाभागात हे रोज बघतोय हो. माणसं कन्नड कागद दिसला की बाजूला ठेवतात आणि तारीख निघून जाते. कोर्टाचा शिक्का असलेला कागद त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्यायचा. म्हणून आधी प्रमाणित प्रत काढा आणि पोचपावतीवर सही कुणाची ते बघा.

दुसरा मार्ग अपिलाचा. ९० दिवसांत हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात. त्यासाठी २५,००० किंवा निकालाच्या निम्मी, यातली कमी असेल ती रक्कम आधी भरावी लागते. पण लायसन्सच नसताना वसुलीचा हुकूम फिरेल असं मला वाटत नाही. रक्कम जास्त लावली असं वाटत असेल तरच जा.

आणि गप्प बसू नका. या रकमा जमीन महसुलाच्या थकबाकीसारख्याही वसूल होतात.

मुलाचं म्हणाल तर कलम २४ स्पष्ट आहे. बाल न्याय कायद्याखाली निकाली निघालेल्या प्रकरणामुळं पुढं कुठलीही अपात्रता येत नाही, आणि ठरलेल्या मुदतीनंतर ती कागदपत्रं नष्ट करायची असतात. २०१९ मध्ये सीआयएसएफच्या, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या, एका भरतीत सर्वोच्च न्यायालयानं लहानपणीच्या केसवरून उमेदवाराला अडवू दिलं नाही. फॉर्ममधला प्रश्न नेमका काय आहे ते भरण्याआधी मंडळाच्या आदेशाची प्रत घेऊन कुणाला तरी दाखवा, अंदाजानं टिक करू नका. लायसन्स मात्र त्याला २५ वर्षांचा होईपर्यंत मिळणार नाही, तेही १९९अ मध्येच आहे. पळत राहू दे त्याला!

खानापूररोड

अपडेट देतो. कालच मेव्हण्याला घेऊन कोर्टात जाऊन आलो. पोचपावतीवर सासूबाईंचा अंगठा आहे.

तिलकवाडी_वकील

मग नोटीस बजावली गेली असंच धरतील. घरातल्या सज्ञान माणसानं, बाई असो की पुरुष, घेतली तरी चालते. तो अर्ज सोडा.

कित्तूर_चौक

आमच्या भावाचं असंच होतं, लायसन्स संपलेलं. कंपनीच्या वकिलांना आधी भेटलो, मग राष्ट्रीय लोकअदालतीत बसलो. व्याजात थोडी सूट दिली आणि हप्ते पाडून दिले. हप्ते कागदावर लिहून घ्या, तोंडी काही खरं नाही. आणि लोकअदालतीत ठरलं की पुढं अपील नाही, म्हणून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टातच आहे, नाहीतर कायदा मदतीच्या १५१०० ला फोन लावा.

खानापूररोड

सगळ्यांचे आभार. माई, तुमचं बोलणं लागलं, पण खरं होतं. रात्री मेव्हण्याकडं जाऊन बसलो. दोन वाटे माझे, एक त्याचा, असं ठरलं. पोरगं म्हणालं, भरतीत लागलो तर पहिला पगार मामाला. मेव्हणा त्याच्याकडं बघून म्हणाला, "आधी लाग, मग बोल."

सासूबाई अजून बोलत नाहीत. पण काल चहा आणून ठेवला समोर.

एकच शंका राहिली वकीलसाहेब. लोकअदालतीच्या कागदावर मेव्हण्यासोबत माझी सही घेतली तर चालेल का, की त्यानं मी नव्यानं अडकतो?

तिलकवाडी_वकील

अडकता. सही केली की कंपनी तुमच्याकडंही मागू शकते. पैसे मेव्हण्याच्या खात्यावर टाका, भरणा त्याच्या नावानं होऊ दे, आणि तुमच्या दोघांतलं दोन-एकचं गणित वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. मराठीत.