बेसबॉल: सगळे सामने हरलेला संघ दिवाळीपर्यंत कसा उभा करायचा? (परभणी)

गोदाकाठ:
कॉलेजचा मुलांचा संघ. गेल्या हंगामात एकही सामना हाती लागला नाही. बहुतेक सामने दहा धावांच्या फरकामुळे सातव्या इनिंगलाच गुंडाळले गेले. यंदा नऊपैकी पाच जण पास होऊन बाहेर पडले, दोन्ही पिचर (बॉल टाकणारे) त्यातच. उरलेल्यांत शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) पक्का आहे, बाकी सगळी क्रिकेटची पोरं. पोरांचं म्हणणं, बॅटिंग कच्ची होती, म्हणून वर्गणीतून दोन नव्या बॅट घ्यायच्या. दुसरा गट अमेरिकेतल्या शिकागो व्हाइट सॉक्स संघाचा दाखला द्यायलाय: २०२४ मध्ये १२१ सामने हरले आणि त्याच हिवाळ्यात सगळ्यात भारी पिचर देऊन टाकला, तर आपणही जुनी पोरं काढून कोरी टीम घ्यावी. मैदान काळ्या मातीचं, पावसात पाय ठेवता येत नाही. सुरुवात कुठून करावी?

चौथा_बॉल:
बॅट घेऊ नका. आधी गेल्या वर्षीचं स्कोअरबुक आणि लाल पेन घेऊन बसा. समोरच्याने काढलेल्या प्रत्येक धावेपुढे लिहा, तो गडी बेसवर (धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर) आला कसा: स्वच्छ हिट, वॉक (चार बॉल चौकटीबाहेर पडून फुकट मिळालेला पहिला बेस), अंगावर बॉल, फिल्डिंगची चूक, का कॅचरच्या (बेसबॉलच्या कीपरच्या) मागे गेलेला बॉल. दहा-दहा धावांनी हरणाऱ्या संघाच्या वहीत हिटपेक्षा फुकटच्या धावांचाच ढीग जास्त निघतो. तो ढीग बॅटने कमी होत नाही.

व्हाइट सॉक्सचं अर्धंच ऐकलंय पोरांनी. तो भारी पिचर, गॅरेट क्रोशे, बोस्टनला दिला तो चार तरुण खेळाडूंच्या बदल्यात, आणि त्यांतलं पहिलं नाव काइल टील, म्हणजे कॅचर. कॉलेजला असली अदलाबदल कुठली? तुम्ही काढलेलं पोरगं घरी बसेल, बदल्यात कोणी येणार नाही. त्याच डिसेंबरातली दुसरी गोष्ट तुमच्या कामाची आहे. मिलवॉकीने ज्याला मुख्य यादीत राखून ठेवलं नव्हतं तो पिचर शेन स्मिथ व्हाइट सॉक्सने नियम ५ च्या ड्राफ्टमधून (दुसऱ्या संघाने राखून न ठेवलेले गडी उचलायची सोय) उचलला. २०२५ मध्ये तो ऑल-स्टार झाला. तरी संघ त्या वर्षी ६० जिंकला आणि १०२ हरलाच. म्हणजे एका हिवाळ्यात एवढंच होतं, हे पोरांना आधीच सांगून ठेवा.

तुमचा शेन स्मिथ कॉलेजातच कुठेतरी हिंडत असेल. खो-खोचा पाठलाग करणारा गडी बेस चोरायला (पिचर बॉल टाकत असतानाच पुढचा बेस गाठायला) आणि सेकंड बेसला बसतो. पिचर शोधताना मात्र फास्ट बॉलरच्या मागे लागू नका. त्याला सरळ हाताची सवय, इथे कोपर वाकतं आणि मग सुटतं. सीमारेषेवरून कीपरच्या हातात सपाट फेक टाकणारं पोरगं बघा. भालाफेकवालाही चालतो.

चाचणी सोपी आहे. दोन बांबू रोवून त्यांना १७ इंच रुंदीची सुतळीची चौकट बांधा, खालची दोरी गुडघ्याच्या खाली, वरची खांदे आणि कमरेच्या मधोमध. १८.४४ मीटरवरून २० बॉल. १२ आत गेले तर नाव लिहून घ्या. वेग नंतर बघू.

असे चार हात लागतील, दोन पुरत नाहीत. कारण हिशोब असा: ३० पिचपर्यंत (पिच म्हणजे पिचरची एक फेक) टाकले तर दुसऱ्या दिवशी चालतो, ३१ ते ४५ ला एक दिवस विश्रांती, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ८० ला तीन, त्यावर किमान चार. स्पर्धा आटोपते चार-पाच दिवसांत. एकाच हुकमी पिचरवर बसलेला संघ म्हणूनच दुसऱ्या सामन्यात उघडा पडतो.

हात हळू चढवा. पहिले दोन आठवडे १५ मीटरवरून दिवसाआड ३० फेकी, मग अंतर, मग संख्या, आणि जोर सगळ्यात शेवटी. दहाव्या आठवड्यात ६० पिच होतात. पहिल्याच दिवशी जीव खाऊन फेकलं की कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं. तिथे दुखलं की त्या दिवशी थांबायचं, मलम चोळून पुढे रेटायचं नाही. कर्व्ह (वळणारा बॉल) शिकवू नका. सरळ बॉल आणि चेंजअप बास. चेंजअप म्हणजे बॉल तळव्यात खोल धरायचा आणि हात तेवढ्याच वेगाने फिरवायचा. पोरं हात हळू करतात आणि बॅटरला आधीच कळतं.

मास्कवाला:
वरचं सगळं बरोबर, पण पिचरआधी कॅचर. तिसऱ्या स्ट्राइकला बॉल कॅचरच्या हातातून निसटला आणि पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट असतील, तर बॅटर आउट न होता पहिल्या बेसकडे पळू शकतो. म्हणजे पिचरने मिळवलेला आउटही कॅचर परत देतो.

क्रिकेटचा कीपर आयता मिळाला म्हणून खूश होऊ नका. त्याची सवय अशी की टप्पा पडला की उठायचं, बाजूला होऊन हात मागे ओढत बॉल घ्यायचा. कॅचरला टप्प्याचा बॉल झेलायचाच नसतो, अडवायचा असतो. दोन्ही गुडघे जमिनीला, ग्लोव्ह मांड्यांच्या मधल्या फटीत, हनुवटी छातीला, खांदे पुढे गोल, म्हणजे बॉल छातीला लागून पुढ्यातच मरतो. आधी टेनिस बॉलने, हात पाठीमागे बांधल्यासारखे ठेवून, रोज २५. डोळे मिटायचे थांबले की खरा बॉल. हे सिमेंटच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून जमतं, पावसाचं कारण नको.

वर्गणी इथे घाला: गळ्याच्या पट्टीसकट मास्क, हेल्मेट, छातीचं कवच, लेग गार्ड, पोटाखालचा गार्ड आणि कॅचरचा जाड मिट (ग्लोव्ह). क्रिकेटच्या कीपिंग पॅडवर भागवू नका. उकिडवं बसलं की पॅड वर सरकतं, घोटा आणि पाऊल उघडं राहतं.

बेसचोरीचं खापर मात्र कॅचरवर फोडू नका. होम प्लेट (बॅटर उभा राहतो ती जागा) ते सेकंड बेस ३८.८ मीटर. कॉलेजच्या कॅचरने २.२ सेकंदांत बॉल पोचवला तरी खूप झालं. पिचरने पाय उचलल्यापासून बॉल मिटात पडेपर्यंत १.८ लागले तर मिळून चार सेकंद, तोवर धावणारा उठून माती झाडत असतो. बेसवर गडी असताना पिचरने गुडघा वर न घेता पाय सरळ पुढे टाकायचा. १.४ वर आणा.

गोदाकाठ:
धन्यवाद भाऊ. मग शॉर्टस्टॉपलाच पिचर केलं तर? संघात हात त्याचाच सगळ्यात चांगला.

मास्कवाला:
करा, निदान पहिल्या सामन्याला.

चौथा_बॉल:
माझं मत उलट. नवा पिचर सरळ बॉल खाली ठेवणार, त्याच्यावर घरंगळणारे फटके येणार, आणि ते येणार शॉर्टस्टॉपकडेच. तिथे नवं पोरगं उभं केलं की एका चुकीत दोन बेस जातात. त्याला चौथा हात म्हणून ठेवा, शेवटच्या इनिंगपुरता.

मुरूम_आणि_माती:
माऊंडचं (पिचर उभा राहतो त्या उंचवट्याचं) कुणी बोललं नाही. सपाट जमिनीवर सराव केलेला पिचर स्पर्धेत दहा इंच उंचावर चढला की त्याचे सगळे बॉल वर जातात. वर सांगितलेले ते दहा आठवडे पाण्यात.

माऊंड १८ फूट व्यासाचं. वर्तुळाचा मध्य होम प्लेटच्या मागच्या टोकापासून ५९ फूट, रबराची (पिचरने पाय टेकायच्या पट्टीची) पुढची कड ६० फूट ६ इंचांवर. इथे सगळे चुकतात: टेप प्लेटच्या पुढच्या कडेला लावतात आणि रबर १७ इंच लांब जातं. टेप मागच्या टोकालाच, जिथे दोन्ही फाऊल लाइन (मैदानाच्या हद्दीच्या रेषा) मिळतात. दहा इंचांची उंची नजरेने धरू नका, गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी आणा. रबराच्या पुढे सहा इंच सपाट, तिथून दर फुटाला एक इंच उतार, सहा फुटांपर्यंत.

चाळलेला मुरूम दीड ब्रास आणा, दाबून एक ब्रासच्या आसपास बसतो. एकेक इंचाचा थर, पाणी शिंपडून धुम्मस. नुसती काळी माती वापरली तर उन्हाळ्यात भेगा आणि पावसात साबण. नुसता मुरूम वापरला तर पिचरचा पुढचा पाय पडतो तिथे दोन दिवसांत खड्डा. म्हणून तेवढ्याच जागी, साधारण तीन बाय चार फुटांत, तीन घमेली मुरुमाला एक घमेलं काळी माती मिसळा. सराव संपला की खड्डा झाडून, ओला करून, भरून, ठोकून ठेवा आणि वर ताडपत्री. कोरड्या खड्ड्यात कोरडी माती टाकली तर दुसऱ्या दिवशी पहिल्याच पिचला उडते.

मुरूम आत्ताच, मृगाच्या आधी टाकून घ्या. एकदा काळी फुगली की ट्रॉली मैदानात रुतणार आणि काढायला दुसरा ट्रॅक्टर शोधत बसाल.