मदत हवी आहे: पगारपत्रक सेवेचे दर आणि करारातील जबाबदारी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल आणि चादरीच्या लहान कारखान्यांसाठी पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधी, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) व व्यवसाय कर यांचे मासिक काम करून देणारी सेवा मी सुरू करत आहे. तीन कारखान्यांचे काम गेले चार महिने चाचणी म्हणून पाहत असून प्रत्येक ठिकाणी वीस ते पस्तीस कामगार आहेत, त्यामुळे भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय या दोन्ही योजना लागू होतात. नोंदणी, चलन भरणे आणि महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर असलेली व्यवसाय कराची सूट यांबाबत अडचण नाही.

खरी अडचण मजुरीची आहे. विणकरांना नगावर आठवड्याला रोख मजुरी मिळते आणि हिशेब मालकाच्या वहीत असतो; ती वही माझ्याकडे दहा तारखेनंतर येते, तर दोन्ही चलने १५ तारखेपर्यंत भरावी लागतात. उशीर झाल्यास व्याज व दंड कायद्याने मालकावरच येतो, तरी दोष माझ्याकडे येऊ नये आणि कामगाराच्या खात्यात खंडही पडू नये, ही माझी कळकळ आहे. वहीचा रोज फोटो मागवून पाहिला, पण तो दोन आठवडेच टिकला.

मी सीए नाही, मदतीला एकच जण आहे आणि महागडे सॉफ्टवेअर तूर्त परवडणारे नाही. नगावर मजुरी देणाऱ्या कारखान्यांकडून आपण दर कामगारामागे आकारता की ठोक मासिक, आणि माहिती देण्याची अंतिम तारीख व उशिराची जबाबदारी करारात नेमक्या कोणत्या शब्दांत लिहिता?