साखर आटोक्यात, तरी बाबांना दम लागतो. कोणत्या तपासण्या कराव्यात?

रानजाई:
बाबा ६१ वर्षांचे, मधुमेहाला १२ वर्षं झाली. गोळ्या चुकत नाहीत, एचबीए१सी (सरासरी साखरेची रक्ततपासणी) ६.९ टक्के. छातीत कधी दुखलं नाही. पण महिनाभर जिना चढताना मधल्या वळणावर थांबतात, कठड्याला टेकून खिशात किल्ली शोधल्यासारखं करतात. किल्ली माझ्याकडे असते. ईसीजी नॉर्मल आला. वय झालं म्हणून सोडून द्यावं का?

पाऊलवाट:
अजिबात सोडू नका. माझ्या आईला दुखलं नाही म्हणून आम्ही निर्धास्त होतो. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तेव्हा कळलं, झटका येऊन गेला होता. मधुमेहात वेदना कळवणाऱ्या नसाच बोथट होतात, मग दम आणि थकवा एवढंच जाणवतं. ईसीजी झोपवून काढतात. चालताना हृदयाला रक्त कमी पडतंय का, हे त्यात दिसेलच असं नाही. इको आणि स्ट्रेस टेस्ट, म्हणजे हृदयावर ताण देऊन केलेली तपासणी, याबद्दल विचारा. बसल्या जागी दम लागला किंवा गार घाम सुटला, तर वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.

उंबरठा:
पाऊलवाट यांच्याशी सहमत. रक्तवाहिनीला आतून पेशींचं एकेरी अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्यामुळे वाहिनी सैलावते. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की हे कमी पडतं, वाहिनी आखडते, अस्तराला सूज राहते आणि कोलेस्टेरॉल भिंतीत शिरून साचत जातं. एचबीए१सी फक्त गेल्या दोन-तीन महिन्यांचं सांगतं. आधीची वर्षं कशी गेली ते त्यात नाही, म्हणून त्या एका आकड्यावर मी तरी विसंबणार नाही.

बीपी आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) बघाच. लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासायला बहुतेक जण विसरतात. लघवीतल्याच क्रिएटिनिन या टाकाऊ घटकाशी त्याचं प्रमाण ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर राहत असेल, तर मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांना इजा झालेली असू शकते, आणि हृदयाचा धोकाही वाढलेला असतो. औषधांचंही विचारा. हृदयविकार असलेल्या मधुमेहींवरच्या २०१५ च्या मोठ्या चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीमुळे हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले होते. बाबांना चालेल का, हे डॉक्टरच ठरवतील. आणि आज घरी त्यांचे तळवे बघा.

रानजाई:
उद्या सकाळची वेळ मिळाली, इकोही होणार आहे. तळवे बघितले. डाव्या टाचेला खोल भेग आहे, मोज्याला रक्त लागलं होतं. बाबांना पत्ताच नव्हता.