आईची मिसरी आणि गुडघ्याचं ऑपरेशन, निकोटीन अंगातून जायला किती दिवस लागतात?

निफाडकर_सिडकोत
मंडळी जरा मदत हवीय. आईचं (वय ६२) गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलंय पुढच्या महिन्याच्या शेवटी, इथेच नाशिकला. भूलवाल्या डॉक्टरांनी तंबाखू, विडी, गुटखा काही घेता का विचारलं तर आई ठणकावून नाही म्हणाली, सोबत ताई होती तीपण गप्प. आता आई रोज मिसरी लावते, सकाळी उठल्यावर, दोन्ही जेवणं झाली की, दुपारच्या चहाआधी, आणि विचारलं तर म्हणते ते काय व्यसन आहे का दात घासते मी. गावाकडे असली की तंबाखू स्वतः तव्यावर काळी होईपर्यंत भाजते, त्या ठसक्याने अर्धी गल्ली खोकत बाहेर येते तरी ते "मंजन"च.
तर १) निकोटीन अंगात किती दिवस राहतं, ऑपरेशनच्या चार दिवस आधी बंद केलं तर चालेल का २) डॉक्टरांना आता परत जाऊन सांगायची खरंच गरज आहे का ३) मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणते, हे खरं की मनाचे खेळ?

लॅबवाला_नाशिकरोड
निकोटीन स्वतः फार टिकत नाही. रक्तातलं साधारण २ तासांत निम्मं होतं, मग अजून २ तासांत त्याच्या निम्मं, असं. म्हणून तर रात्रभर झोपून उठलं की पहिली तलफ सगळ्यात जोरात येते, पहाटेपर्यंत रक्तात फार काही उरलेलंच नसतं. लिव्हर त्याचं कोटिनिन बनवतं आणि ते हळू जातं, निम्मं व्हायला १६ तासांच्या आसपास. टेस्ट करतात ती बहुतेक वेळा या कोटिनिनची. लघवीत ३-४ दिवस सापडतं, रोजची जुनी सवय असेल तर आठवडा किंवा थोडं जास्त, केसांत तर महिनोन्महिने. माणसामाणसात फरक पडतो कारण ज्या एन्झाइमवर हे काम चालतं ते कुणाचं जोरात कुणाचं मंद. भरपूर पाणी प्या, लिंबू प्या म्हणजे धुऊन निघतं वगैरे जे फिरतं त्याने सांगण्यासारखा काही फरक पडत नाही.
पण भाऊ तुमचा प्रश्न टेस्टचा नाहीच आहे.

गंगापूररोड_फिजिओ
वरच्यांनी बरोबर सांगितलं. चार दिवसांत निकोटीन जाईल पण ऑपरेशनसाठी तेवढं पुरत नाही. निकोटीन अंगात गेलं की अॅड्रेनलिन सुटतं, नाडी वाढते, बीपी चढतं आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आता गुडघ्यावर एवढा मोठा छेद, टाके, आत हाड कापून बसवलेला सांधा, हे सगळं भरून यायला तिथे रक्त पोचायला हवं ना, ते कमी पोचलं की जखम रेंगाळते आणि इन्फेक्शनची भीती वाढते, आणि बदललेल्या सांध्यात इन्फेक्शन म्हणजे कधीकधी परत उघडायची वेळ येते. म्हणून सर्जन लोक निदान ४ आठवडे आधी बंद करा म्हणतात आणि नंतर जखम भरेपर्यंत पण नाही. तुमच्याकडे तेवढे दिवस आहेत, आजच सुरू करा.
मिसरीत धूर नाही म्हणून ती सौम्य, असं बऱ्याच घरांत समजतात. सिगरेटचं निकोटीन १०-२० सेकंदात मेंदूत पोचतं, मिसरीचं हिरडीतून हळू जातं एवढाच फरक, पण तोंडात धरून बसलं की ते झिरपतच राहतं आणि लावून झाल्यावरही बराच वेळ रक्तात टिकून राहतं. दिवसात चार-पाचदा म्हणजे जागेपणी अंगात निकोटीन कायमच. आणि तोंडाच्या कॅन्सरचं जे आहे ते निकोटीनपेक्षा तंबाखूतल्या दुसऱ्या विषारी द्रव्यांमुळे, ती मिसरीतही आहेतच.
भूलवाल्यांना सांगाच. ते काही रागावत नाहीत, त्यांना रोज हेच ऐकायची सवय आहे.

पंचवटीचा_राजा
आमची आजी नव्वदीपर्यंत मिसरी लावायची, बत्तीसच्या बत्तीस दात घेऊन गेली. उगा म्हातारीला छळू नका.

गंगापूररोड_फिजिओ
@पंचवटीचा_राजा आजीचा गुडघा बदलला होता का?

सूनबाई_सातपूर
माझ्या सासूबाईंची सोडवली मागच्या वर्षी, म्हणून लिहिते. पोटाचं खरं आहे हो, मनाचे खेळ नाहीत, निकोटीनने आतड्याची हालचाल वाढते त्यामुळे अचानक बंद केलं की बद्धकोष्ठता होते आणि नेमकं तिथेच बायका परत डबी उघडतात. आम्ही पहिल्या दिवसापासून रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी वाढवली, आठ-दहा दिवस कुरकुर झाली मग बसलं सगळं. (तुमच्या आईंना शुगर किंवा बाकी गोळ्या असतील तर इसबगोल विचारून द्या.)
चिडचिड, झोप न लागणं, डोकं दुखणं हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, त्या दिवसांत घरात कोणी वाद घालू नका, भाजीत मीठ जास्त पडलं तरी गप्प खा. पुढे दोन-चार आठवड्यांत ओसरतं. आमच्याकडे बोट हिरडीवर फिरवायची जी सवय होती ना ती तलफेपेक्षा चिवट निघाली, मग बाभळीच्या कोळशाचं काळं मंजन आणून दिलं, रंग तोच, बोट तेच, आत तंबाखू नाही. टूथपेस्ट-दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासूनच बंदी आहे, पण सुटी पुडी घेऊ नका, त्यात काय असेल सांगता येत नाही, डब्यावर वाचून घ्या.
निकोटीनचं च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतं पण तेही निकोटीनच, तेव्हा ऑपरेशन आहे म्हटल्यावर सर्जनला विचारल्याशिवाय देऊ नका.
सरकारी क्विटलाइन (तंबाखू सोडायला फोनवर मदत) आहे १८००-११-२३५६, टोल फ्री.

निफाडकर_सिडकोत
सगळ्यांचे आभार. उद्या सुट्टी टाकून हॉस्पिटलला जातोय, भूलवाल्या डॉक्टरांना भेटून सांगतो. ताई म्हणतेय डबी सरळ लपवून टाकू, काय वाटतं?

सूनबाई_सातपूर
अजिबात नको, खालच्या मजल्यावरच्या मावशींकडून मागून आणतील, आमच्याकडे तेच झालं. आधी त्या मावशींना गाठा.