मदत हवी आहे : अंबाजोगाईहून पुण्यात उतरून डांगे चौकाला जायचंय, बीआरटी बस आणि तिकिटाचं कसं?

अंबानगरी

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाची प्रवेशासाठी कागदपत्रं तपासणी आहे, कॉलेज डांगे चौकाजवळ (थेरगाव). सोबत आई जायलीय, वय ५८. दोघं रात्रीच्या एसटीनं निघतील, पहाटे पुण्यात उतरतील. कॉलेजात १० वाजता हजर राहायचंय. रात्री मुक्काम रावेतला नातेवाइकांकडं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत.

प्रश्न असे :
१) उतरायचं कुठं? वाकडेवाडी का स्वारगेट?
२) तिथून डांगे चौकापर्यंत बस कोणती? बीआरटीचे (बसला वेगळी मार्गिका असते ते) थांबे रस्त्याच्या मधोमध असतात म्हणायलेत, तिथं जायचं कसं?
३) आईला अर्धं तिकीट लागेल का?
४) तिकीट फोनवरून काढता येतं का रोखच द्यावं लागतं?
५) दिवसभराचा पास घेतला तर परवडतं का?

रिक्षावाले पहाटे काय मागतात ते माहितीय, म्हणून बसनंच पाठवायचंय.

मांजराकाठ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गाडी कुठल्या रस्त्यानं जायलीय त्यावर आहे. बीड, अहिल्यानगर मार्गाची गाडी वाघोलीकडून नगर रस्त्यानं पुण्यात शिरते आणि वाकडेवाडीला थांबते. कळंब, बार्शी, टेंभुर्णी मार्गाची गाडी सोलापूर रस्त्यानं हडपसरवरून स्वारगेटला जाते. आरक्षण करताना नुसतं 'पुणे' बघू नका, शेवटचा थांबा वाचा. तुमच्या कामाला वाकडेवाडी सोयीची.

एक घोळ नेहमी होतो. तिकिटावर 'शिवाजीनगर' लिहिलेलं असतं आणि गाडी वाकडेवाडीला थांबते. मेट्रोच्या कामामुळं २०१९ च्या शेवटी शिवाजीनगरचं एसटी स्थानक वाकडेवाडीला हलवलं, लोकांच्या तोंडात जुनंच नाव राहिलं. तेव्हा 'शिवाजीनगर अजून यायचंय' म्हणून आई गाडीत बसून राहू नये. गाडी रिकामी व्हायली की उतरायचं.

बालाघाट

तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यावरून बसमध्ये रोज वाद होतात.

महिलांना ५० टक्के सवलत आहे ती एसटीत. १७ मार्च २०२३ पासून, राज्याच्या हद्दीत, साधी गाडी असो का शिवशाही. पुण्याची शहर बस म्हणजे पीएमपीएमएल, ती वेगळी संस्था. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या बससेवा एक करून २००७ मध्ये ती झाली. तिथं एसटीची सवलत चालत नाही. आईचं तिकीट पूर्ण लागेल. कंडक्टरशी हुज्जत घालून उपयोग नाही, त्याच्या मशिनमध्ये ते तिकीटच नसतं.

७५ वर्षांपुढच्यांना एसटी फुकट आहे (२६ ऑगस्ट २०२२ पासून), ६५ ते ७५ ला अर्धं. तेही शहर बसला लागू नाही. पीएमपीएमएलमध्ये ज्येष्ठांना सवलत मिळते ती मासिक पासावर, सुट्या तिकिटावर नाही. एका दिवसासाठी जाणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

कात्रज_ते_किवळे

आता बस. डांगे चौक हा सांगवी फाटा ते किवळे या बीआरटी मार्गावर आहे. साधारण १४ किमीचा हा मार्ग सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झाला. क्रम असा लक्षात ठेवा : सांगवी फाटा, रक्षक चौक, जगताप डेअरी, काळेवाडी फाटा, डांगे चौक, पुढं रावेत आणि शेवटी किवळ्याचा मुकाई चौक. मधले लहान थांबे सोडले आहेत. म्हणजे रावेतचा मुक्कामही त्याच रस्त्यावर पडला, कॉलेजातून तिकडं जायला बस बदलायची नाही.

वाकडेवाडीहून दोन टप्पे करा :

वाकडेवाडी ते मनपा. हे अंतर तीन किमीच्या आतबाहेर, बस शोधायचीच गरज नाही इतक्या जातात. पाटीवर 'मनपा' लिहिलेलं हवं. मनपा म्हणजे पुणे महापालिका भवनाचा बसथांबा. पिंपरी-चिंचवडचीही महापालिका आहे, पण बसच्या पाटीवरचं 'मनपा' हे पुण्याचंच. आपल्याकडचे लोक हमखास गोंधळतात.

मनपा ते डांगे चौक. मनपाला थांबे एका जागी नाहीत, पसरलेले आहेत. उतरल्यावर नियंत्रकाच्या केबिनशी विचारायचं, 'औंध, सांगवी फाटा मार्गे डांगे चौक कुठून?' मार्गही सांगणं महत्त्वाचं. नुसतं 'चिंचवड' म्हणालात तर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं, पिंपरीवरून जाणाऱ्या बसमध्ये बसवतील. तीही चिंचवडलाच जाते, पण डांगे चौकाला नाही. पाटीवर मुकाई चौक, किवळे किंवा रावेत असेल आणि खाली औंध असेल तर बिनधास्त बसा.

बसचे नंबर मुद्दाम देत नाही. मार्ग मधेच बदलतात, जुने नंबर घेऊन लोक उभे राहतात. 'आपली पीएमपीएमएल' नावाचं ॲप ऑगस्ट २०२४ पासून आहे. त्यात 'मनपा' ते 'डांगे चौक' टाकलं की त्या वेळी चालू असलेले नंबर आणि बस कुठवर आलीय ते दिसतं.

परळी_पॅसेंजर

भाडं जास्त नाही हो. पाच-पंचवीस रुपयांत होईल. दिवसाचा पास पन्नासला मिळतो, डोळे झाकून तोच घ्या.

बालाघाट

@परळी_पॅसेंजर, हे जुने दर झाले. १ जून २०२५ पासून भाडेवाढ झालीय आणि पाच-पाच रुपयांचे टप्पे गेले. आता :

५ किमीपर्यंत १० रुपये
५ ते १० किमी २०
१० ते १५ किमी ३०
१५ ते २० किमी ४०

पुढं तीस किमीपर्यंत तसंच, दर पाच किमीला दहा रुपये वाढत जातात. दोन्ही महापालिकांच्या हद्दीत चालणारा दिवसाचा पास ७० रुपये, ग्रामीण भागासह हवा असेल तर १५०. नेटवर ४० आणि ५० रुपयांचे पास दाखवणारी पानं अजून पहिल्यांदा येतात, त्यावर जाऊ नका.

तुमचा हिशोब करू. वाकडेवाडी ते मनपा १०. मनपा ते डांगे चौक १४-१५ किमीच्या काठावर आहे, ३० लागतील किंवा ४०, चाळीस धरा. बस बदलली की नवं तिकीट, पहिलं पुढं चालत नाही. म्हणजे कॉलेजापर्यंत माणशी ५०. संध्याकाळी डांगे चौक ते रावेत १०, फार तर २०. एकूण ६० ते ७०. पासही ७०. मुक्काम आहे म्हटल्यावर पहिल्या दिवशी पासात फायदा नाही, बरोबरी आहे. त्याच दिवशी परत वाकडेवाडीला यायचं असतं तर १०० चा खर्च ७० वर आला असता.

फक्त एक गोष्ट. कॉलेजवाल्यांनी 'अमुक झेरॉक्स आणा, तमुक दाखला आणा' म्हणून मधे कुठं पिटाळलं तर पास लगेच वसूल होतो. पास त्या तारखेपुरताच असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी चालणार नाही. घेणार असाल तर पहिल्याच बसमध्ये घ्या, एक तिकीट काढून झाल्यावर घेतला तर ते पैसे गेले. ओळखपत्र हाताशी ठेवा.

अंबानगरी

वा, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही. पास मग नकोच. समजा सीट मिळाली नाही आणि स्वारगेटच्या गाडीनं जावं लागलं तर?

कात्रज_ते_किवळे

स्वारगेटला उतरलात तर बसपेक्षा मेट्रो बरी, स्टेशन एसटी स्थानकाला लागूनच आहे. स्वारगेटची मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. पिंपरी-चिंचवडकडं जाणाऱ्या गाडीत बसायचं, सिव्हिल कोर्टला उतरायचं, तिथं मार्गिका बदलून वनाजच्या दिशेनं एकच स्टेशन : पुणे महानगरपालिका. बाहेर आलं की मनपा. सिव्हिल कोर्टला स्वारगेटहून येणारी जांभळी मार्गिका जमिनीखाली आणि दुसरी वर आहे, सरकते जिने आहेत, आईला त्रास नाही. मेट्रो सकाळी ६ ला सुरू होते. पाचला पोचलात तर स्थानकातच तासभर काढा, चहा घ्या.

जुना_टीसी

बीआरटी थांब्याबद्दल कुणी नीट लिहिलं नाही, लिहितो.

सांगवी-किवळे मार्गावर थांबा रस्त्याच्या मध्यभागी, चौथऱ्यावर असतो. बस स्वतंत्र मार्गिकेतून येते आणि तिचा उजव्या बाजूचा दरवाजा उघडतो. मनपाला मात्र तुम्ही डाव्या दरवाजानं चढलेले असता. म्हणून नवखा माणूस डांगे चौक आला की सवयीनं डाव्या दाराशी जाऊन उभा राहतो आणि बस पुढं निघून जाते. सांगवी फाटा गेला की उजव्या दाराच्या बाजूला सरका. एक थांबा आधी, म्हणजे काळेवाडी फाट्यानंतर उठलात तरी वेळ पुरतो.

उलटंही खरं. औंधपर्यंत बस साध्या रस्त्यावर असते, तेव्हा उजव्या दाराला टेकून उभं राहू नये. त्या बाजूनं दुसरी वाहनं घासून जातात.

थांब्यावरून बाहेर पडताना मार्गिका ओलांडावी लागते. चौथऱ्याच्या टोकाला उतार असतो, तिथून सिग्नलच्या पट्ट्यांवर या. मधूनच रेलिंगमधून उडी मारणारे दिसतील, त्यांच्या मागं जाऊ नका. मार्गिकेत बस वेगात असते. ओलांडताना दोन्हीकडं बघा, कारण उलट दिशेनं येणारे दुचाकीवाले तिथंही घुसतात. चौथऱ्यावरची सरकती दारं बऱ्याच ठिकाणी उघडीच असतात, काठावर वाकून बस बघायची नाही.

रावेतला जाताना परत त्याच चौथऱ्यावर यायचं, पण कुठल्या तोंडाची बस कुठं थांबते ते वर लिहिलेलं असतं ते वाचा. 'किवळे, मुकाई चौक' तुमची. 'सांगवी, औंध, मनपा' म्हणजे पुण्याकडं.

नगर रस्त्यावर पूर्वी असाच मार्ग होता, त्यातला बराचसा काढून टाकलाय. वाघोलीकडून येताना मधे काही दिसलं नाही म्हणून बीआरटीच बंद झाली असं समजू नका.

मांजराकाठ

चौथा प्रश्न राहिला. फोनवरून पैसे देता येतात आणि रोखही. प्रकार तीन :

कंडक्टरला क्यूआर मागायचा. ही सोय ऑक्टोबर २०२३ पासून आहे. आधी ठिकाण आणि किती माणसं ते सांगायचं, रक्कम ऐकायची, मग स्कॅन. पैसे गेल्याचं कंडक्टरनं बघितलं की मशिनमधून कागदी तिकीट येतं. तिकीट हातात आल्याशिवाय जागेवर जाऊ नका. तपासनीस आला तर फोनवरचा 'पेमेंट सक्सेसफुल' हे तिकीट धरत नाही.

दुसरं, ॲपमधून तिकीट. चालतं, पण पहिल्यांदा जाणाऱ्यानं नादी लागू नये. थांब्याची नावं सारखी सारखी असतात, चुकीचा थांबा निवडला की पैसे गेले.

तिसरं, रोख. हेच मुख्य धरा, फोन दुय्यम. आता सगळी भाडी दहाच्या पटीत आहेत, त्यामुळं चिल्लरची कटकट गेली. दहाच्या आठ आणि वीसच्या चार नोटा घेऊन जा, दोघांचं पहिल्या दिवसाचं भागतं. पहाटे पाचशेची नोट काढली की कंडक्टर आधी तोंडाकडं बघणार.

परळी_पॅसेंजर

पैसे कापले गेले आणि कंडक्टरकडं आलेच नाहीत तर? गर्दीत हे सारखं व्हायलंय.

मांजराकाठ

होतं. कारण बहुतेक वेळा बँकेचा सर्व्हर किंवा भरलेल्या बसमधलं नेटवर्क. तेव्हा दुसऱ्यांदा स्कॅन करू नका, रोख देऊन तिकीट घ्या आणि मोकळे व्हा. अडकलेला व्यवहार दुकानदार किंवा संस्थेला केलेला असेल तर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक जपून ठेवा, बँकेत तोच विचारतात.

त्यापेक्षा भावाच्या फोनवर यूपीआय लाइट चालू करून दोन-तीनशे रुपये आधीच भरून ठेवा. लहान रकमेला पिन लागत नाही आणि दर वेळी बँकेच्या सर्व्हरकडं जावं लागत नाही, म्हणून अडकण्याचं प्रमाण कमी. इंटरनेट मात्र लागतंच.

जुना_टीसी

वेळेचं सांगतो. पहाटे वाकडेवाडीला उतरलात तर घाईनं थेरगाव गाठायची गरज नाही, पण आठच्या आत मनपा सोडा. विद्यापीठ चौकाकडचा गणेशखिंड रस्ता नऊनंतर तुंबतो. त्या रस्त्याला बीआरटी नाही, बस सगळ्यांबरोबर अडकते. सांगवी फाट्याच्या पुढं मात्र धडाधड जाते. मनपा ते डांगे चौक मोकळ्या वेळी पाऊण तास, गर्दीत दीड.

बसमध्ये डावीकडची आसनं महिलांसाठी असतात. आईला तिथं बसवा आणि भावाला उजव्या दाराजवळ उभं करा, म्हणजे थांबा चुकणार नाही.

अंबानगरी

परतीचं एकच विचारतो. रावेतहून वाकडेवाडीला उलटं तसंच यायचं ना? गाडी रात्री ९ ची आहे.

कात्रज_ते_किवळे

हो, तसंच. पण ५ च्या आसपास निघा, संध्याकाळी औंध ते विद्यापीठ सकाळपेक्षा वाईट. आणि आरक्षण करताना एकदा वल्लभनगर बघा. पिंपरी-चिंचवडचं एसटी स्थानक तेच, तिथून मराठवाड्याच्या गाड्या सुटतात. रावेतहून चिंचवड, पिंपरीवरून वल्लभनगर जवळ पडतं, पुण्यात शिरावंच लागत नाही. संत तुकाराम नगर मेट्रो स्टेशन समोरच आहे, ती खूण. पिंपरी ते निगडी मेट्रोचं काम चालू असल्यानं त्या रस्त्यावरचे बसथांबे इकडंतिकडं सरकवलेत, तेवढं विचारून घ्या. आईचं एसटीचं अर्धं तिकीट ऑनलाइनही मिळतं, आरक्षणात महिला सवलत निवडा आणि गाडीत मूळ आधार कार्ड दाखवा.

अंबानगरी

वल्लभनगरहून आमच्या गावाला सीट दिसायलीय. तीच करतो.