रिकॉम्बिनंट ह्युमन कोलॅजन कुठलं घ्यावं? ऑर्डर टाकायच्या आधी सल्ला हवाय

पिपेटवाली:
नमस्कार मंडळी, पुण्यात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. फायब्रोब्लास्ट पेशींची थ्रीडी जेल करायचीये. आत्तापर्यंत लॅबमध्ये रॅट टेलचंच (उंदराच्या शेपटीचं) कोलॅजन वापरत आलो, आता सर म्हणतात पेशी माणसाच्या आहेत तर कोलॅजनपण माणसाचं घे, रिकॉम्बिनंट (माणसाचा जीन दुसऱ्या जिवात घालून बनवलेलं) मिळतं. कॅटलॉग उघडला आणि डोकं गरगरलं, एकाच नावाखाली कुठे ई. कोलाय बॅक्टेरिया, कुठे यीस्ट, कुठे चक्क तंबाखूचं झाड! खिशाला परवडणारं एकच दिसतंय, ई. कोलायमधलं कोल-वन-ए-वन (टाइप वन कोलॅजनची एक साखळी), हिस टॅगवालं (शुद्ध करायला जोडलेला तुकडा), १०० मायक्रोग्रॅम. शेजारच्या लॅबला किडनीच्या एका एलायझासाठी (अँटिबॉडी शोधायची प्लेटवरची चाचणी) कोलॅजन हवंय, म्हटलं एकाच ऑर्डरमध्ये दोघांचं भागवू. घेऊ का?

वरणभात:
थांब थांब, टाकू नकोस ऑर्डर. जेलला मिलीमागे १ ते ३ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे तुझ्या त्या वायलमध्ये ९६ वेलच्या प्लेटचा एक वेल जेमतेम भरेल. आणि भरलास तरी जेल होणार नाही ते वेगळंच. कोलॅजनच्या तीन साखळ्या एकमेकींना धरून राहतात त्या प्रोलिन या अमिनो आम्लावर हायड्रॉक्सिल चढतो म्हणून, ते काम करणारं एन्झाइम ई. कोलायकडे नसतंच. हायड्रॉक्सिल नसेल तर टाइप वनचा पीळ २४ डिग्रीच्या आसपासच सुटतो आणि तू तर ३७ ला ठेवणार. (स्कर्व्हीत हिरड्या जातात त्याचं मूळही हेच, त्या एन्झाइमला व्हिटॅमिन सी लागतं.) मी स्वतः हा शहाणपणा करून बसलोय, तासभर इन्क्युबेटरपाशी ताटकळलो, पाणी ते पाणीच.

यीस्ट नाहीतर तंबाखूवालं बघ, पण त्यात माणसाचं प्रोलिल हायड्रॉक्सिलेज (तेच हायड्रॉक्सिल चढवणारं एन्झाइम) सोबत घातलंय का ते विचारून घे, नुसतं यीस्ट लिहिलंय म्हणून भुलू नकोस.

पिपेटवाली:
बापरे. डेटाशीट परत उघडली, त्यात लिहिलंय अमिनो आम्ल १२१९ ते १४६४. म्हणजे तुकडाच ना हा?

वरणभात:
हाहा, तुकडा तर आहेच, त्यातून नेमकं शेपूट! अख्खी साखळी १४६४ ची, आणि १२१९ पासून पुढचं सी-प्रोपेप्टाइड, शरीरात तंतू बनायच्या आधी ते कापून टाकलं जातं. पिळाचा भाग त्यात नावालाही नाही. अँटिबॉडी तपासायला वगैरे ठीक आहे, जेलचं नाव काढू नकोस.

गुडघेदुखी:
मधेच विचारते, राग मानू नका, माझ्या सासूबाई गुडघ्यांसाठी कोलॅजन पावडर दुधातून घेतात ते हेच का?

वरणभात:
नाही हो ताई, ते गाय, डुक्कर नाहीतर मासळीच्या कातडीचं बारीक तुकडे केलेलं कोलॅजन असतं. सासूबाई कडक शाकाहारी असतील तर डबा एकदा वाचून बघा 🙂

एलायझाकाका:
किडनीची एलायझा म्हणजे अँटी-जीबीएमच (किडनीच्या गाळणीच्या पडद्याविरुद्धच्या अँटिबॉडीची) ना? मग शेजाऱ्यांना सांग, टाइप वनचा त्यांना काडीचा उपयोग नाही. गुडपाश्चरमध्ये (याच अँटिबॉडीचा आजार) अँटिबॉडी धरते टाइप फोरच्या अल्फा-३ साखळीचं एनसी-१ टोक. आणि तिथेही ई. कोलायवालं घेताना जपून, त्या टोकात १२ सिस्टीन आहेत, त्यांचे डायसल्फाइड बंध नीट जुळले तरच आकार येतो आणि अँटिबॉडी आकारच ओळखते. बॅक्टेरियातलं नीट घडी न पडलेलं प्रोटीन प्लेटवर लावलंत तर पेशंट पॉझिटिव्ह असून रिझल्ट निगेटिव्ह येऊ शकतो, आणि हा आजार थांबून वाट बघणारा नाही. एचईके (माणसाच्या किडनीपेशी) नाहीतर कीटकपेशींमधलं मागवा. आणि दोन वेगळ्या ऑर्डरी टाका, बचतीचा नाद सोडा.

अजून एक, कोलॅजन २८० नॅनोमीटरच्या प्रकाशावर मोजू नका, पिळाच्या भागात तो प्रकाश शोषणारं ट्रिप्टोफॅनच नाही, आकडा फसवा येतो. ब्रॅडफर्डही (रंगावरून प्रोटीन मोजायची चाचणी) कमीच दाखवतं.

पिपेटवाली:
मग मी हायड्रॉक्सिप्रोलिन ॲसे (हायड्रॉक्सिल चढलेलं प्रोलिन मोजायची चाचणी) लावू का? किट पडलंय लॅबमध्ये.

वरणभात:
लाव, उलट बरंय. हायड्रॉक्सिलेशन नसलेल्या मालात तो शून्याजवळ येईल, म्हणजे कंपनीने काय पाठवलंय ते तिथेच कळेल. आधी मेल टाकून सीडी स्पेक्ट्रम (प्रोटीनचा पीळ दाखवणारा आलेख) माग, २२१ नॅनोमीटरच्या आसपास वर जाणारा उंचवटा दिसला पाहिजे, आणि पीळ किती डिग्रीला सुटतो तेही विचार. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर पुढची कंपनी. रॅट टेल फेकू नकोस, पहिल्या दोन-तीन वेळा शेजारी तीच कंट्रोल म्हणून लाव, नाहीतर जेल झाली नाही तर दोष एनएओएचचा (ॲसिड मारायला घालतो तो) की कोलॅजनचा यातच आठवडा जाईल.

पिपेटवाली:
सरांना १२१९ ते १४६४ दाखवलं, बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले यीस्टवाल्यांचं कोटेशन मागव 😄 ते ॲसिडमधलं सोल्युशन देतात म्हणे. आल्यावर लगेच मायनस ऐंशीला टाकू ना?

एलायझाकाका:
अगं नको! ॲसिडमधलं कोलॅजन गोठवायचं नसतं, सरळ ४ डिग्रीला ठेव. आणि पार्सल शनिवारी पोचेल असं मागवू नकोस, आमचं एक गेल्या मे महिन्यात सुट्टीभर गेटवरच्या केबिनमध्ये पडून होतं.